एल्मारची पाचर

माणसाने उभ्याने फार तर औषध घ्यावं. उर्मास आणि माइरे हे नवरा-बायको मात्र मार्च महिन्यापासून तिन्ही वेळा उभ्याने जेवत होते, आणि तेही स्वतःच्या घरात, कुणाचं काही वाकडं केलेलं नसताना. याला कारण त्यांची मुलगी कात्री. कात्री तार्तू शहरात राहते आणि तिला आईबापांचं भलं करायची खोड आहे. तिने दोन माणसं पाठवून स्वयंपाकघरातलं जुनं टेबल उचलून नेलं आणि त्या जागी छातीइतका उंच ओटा बसवून दिला. "आता सगळे असाच बसवतात," ती फोनवर म्हणाली.

"बसवतात ते कळलं. बसतात कुठे?" उर्मासने विचारलं.

जुन्या खुर्चीवर बसलं की ओट्याच्या वर नुसतं कपाळ उरायचं. माइरेने खुर्चीवर दोन उशा ठेवून पाहिल्या, तेव्हा उर्मास कोबीच्या सुपासकट घरंगळला. कात्री म्हणाली, बारस्टूल मागवा, चार दिवसांत येतील. यावर उर्मास जे बोलला ते तो आधी मनात बोलला असता तर पुढचं काही घडलं नसतं. तो म्हणाला, "मागवायचे कशाला? मी करीन."

माइरे बटाटे सोलत होती, तिची सुरी थांबली.

आता यात एवढं दचकण्यासारखं काय, असं परक्याला वाटेल. पण ते घर माइरेच्या वडिलांचं, एल्मारचं. एल्मार म्हणजे आसपासच्या पाच गावांतला पहिल्या नंबरचा सुतार. त्याने केलेल्या दारातून वारा आत यायला घाबरायचा. आणि उर्मास हा त्याचा एकुलता एक जावई, भूमापन कचेरीतला नकाशे काढणारा कारकून. कागदावर त्याने अख्ख्या जिल्ह्यातली घरं उभी केली होती, भिंतीत खिळा मात्र एकही नाही. तेवीस वर्षं सासरा-जावई एका छपराखाली राहिले आणि त्या तेवीस वर्षांत सुतारकामाच्या खोपटात उर्मासला एकच काम मिळालं. "उर्मास, दिवा धर. तिकडे नाही, इकडे. हं. आता बोलू नकोस."

एल्मार जाऊन अकरा वर्षं झाली. खोपटातली हत्यारं भिंतीवर तशीच टांगलेली होती, प्रत्येकाच्या भोवती त्याने पेन्सिलीने आकार आखून ठेवला होता, म्हणजे कुणी हलवलं तर लगेच कळावं. उर्मासने अकरा वर्षांत एकालाही हात लावला नव्हता. पण आता तो रिटायर झाला होता, चौसष्ट वर्षांचा होता, आणि या घरात आपल्या हातची, चार पायांवर सरळ उभी राहणारी एक तरी वस्तू असावी, असं त्याला फार वाटत होतं. एकच. तेवढ्यासाठी जीव टांगणीला लागावा हे हास्यास्पद आहे हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो कुणाला बोलला नाही.

लाकूड आयतंच मिळालं. फेब्रुवारीतल्या वादळात स्मशानाच्या रस्त्यावर वळणापाशी पाच पाइन आडवे झाले होते आणि जंगलखात्याने ते गावकऱ्यांना न्यायला सांगितले होते. पण त्या वळणावरचं लाकूड न्यायचं म्हणजे जरा बघून न्यावं लागतं. आमच्याकडे माणूस गेला की त्याला घरून स्मशानात नेताना वाटेत थांबतात, घरातला एक पुरुष पाइनच्या खोडावर सुरीने क्रूस कोरतो, सगळे घोटघोट व्होडका घेतात, आणि मग पुढे जातात. मेलेल्याला घराची ओढ लागली तर त्याने त्या झाडापर्यंत यावं, तिथे थांबावं, पुढे घरात येऊ नये. सोय आहे ती, दोन्ही बाजूंची. असली झाडं कुणी तोडत नाही.

"नीट बघितलंस का रे?" शेजारच्या लाइनेमावशींनी कुंपणावरून विचारलं. लाइनेमावशी अठ्ठ्याहत्तरच्या, एकट्या राहतात, आणि गावातल्या प्रत्येक मयताला त्यांनी पोटॅटो सॅलड केलेलं आहे. "क्रूस नाही ना त्याच्यावर?"

"तिन्ही बाजूंनी बघितलं, मावशी. स्वच्छ आहे."

"झाडाला तीन बाजू असतात होय? चौथी कुठे गेली?"

चौथी बर्फात होती. तीस मणांचं झाड उलथून बघणारा उर्मास कोण लागून गेला? त्याने खोड ओढून आणलं, चिरून आणलं, फळ्या धुराच्या सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराला, टेकवून वाळत ठेवल्या आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एल्मारचं खोपटं उघडलं.

पहिलं स्टूल सहा दिवसांत झालं. म्हणजे बैठक झाली, चार पाय झाले, पायांची टोकं बैठकीतल्या भोकांतून वर काढून त्यांत पाचरी ठोकल्या. आणि ते डुगडुगायला लागलं. उर्मासने एक पाय बोटभर कापला. आता ते दुसरीकडे डुगडुगलं. त्याने तो पाय कापला. मग तिसरा.

"तीन पायांचं कर की," लाइनेमावशी म्हणाल्या. त्यांना कुंपणावरून खोपटाचं दार बरोबर दिसतं. "तीन पायांचं जन्मात डुगडुगत नाही. गवळ्याचं बघ."

"मला चारच पायांचं करायचंय."

"कर बापडा. पण तू असाच कापत राहिलास तर ते आपोआप गवळ्याचं होणार आहे."

संध्याकाळपर्यंत ते खरोखरच गाय दोहण्याच्या उंचीला आलं. उर्मासने निमूटपणे पाय ठोकून बाहेर काढले, चुलीत घातले आणि त्याच बैठकीला नवे पाय बसवायला घेतले. ते बसले. डुगडुगतच बसले, पण बसले. मग निदान दिसायला तरी बरं दिसू दे म्हणून त्याने बैठक घासली आणि तिच्यावर जवसाचं तेल फिरवलं.

तेल लागलं की लाकडातलं दडलेलं सगळं वर येतं. फडका फिरत गेला तशी बैठकीच्या मधोमध एक काळपट रेघ उमटली. मग तिला आडवी दुसरी. राळेने भरून आलेला जुना घाव होता तो, वीतभर लांब, आणि स्पष्ट क्रूसाच्या आकाराचा.

उर्मासच्या हातातला फडका खाली पडला. क्रूस दिसला म्हणून नाही, कारण वळणावर पन्नास क्रूस आहेत, कुणाचाही असू शकतो. पण या क्रूसाचा डावा हात खाली घसरलेला होता आणि उजवा मध्येच तुटून पुन्हा सुरू झाला होता. इतका वाकडा क्रूस साऱ्या पंचक्रोशीत एकाच माणसाने कोरला होता. अकरा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या पावसात, चाळीस माणसांच्या देखत, एल्मारला मुलगा नाही म्हणून सुरी जावयाच्या हातात आली होती, आणि ती दोनदा घसरली होती. त्या दिवशी कुणीतरी मागून म्हणालंही होतं, बरं झालं एल्मारला दिसत नाही. त्या शरमेने उर्मासने पुन्हा त्या झाडाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, म्हणूनच ते आडवं पडल्यावर त्याला ओळखू आलं नाही.

म्हणजे काय झालं, ते नीट लक्षात घ्या. सासऱ्याला घराबाहेर थांबवणारं झाड जावयाने चिरलं, आणि त्याचा थांबा स्वतःच्या हातांनी उचलून घरात आणला. एवढं करून बसायला दिलं ते स्टूल डुगडुगणारं!

त्याने माइरेला बोलावलं. तिने क्रूसावरून बोट फिरवलं, तुटलेल्या उजव्या हातापाशी थांबली. "हा तर तुझाच हात," ती म्हणाली. माइरे मुळात कमी बोलते, पण एल्मार गेल्यापासून तिचं बोलणं आणखीनच आखडलं होतं. तो गेला तेव्हा ती हेलसिंकीत इस्पितळात सफाईच्या कामावर होती. दुसऱ्या दिवशीची बोट मिळाली, तोवर सगळं आटोपलं होतं. याविषयी ती कधी रडली नाही की बोलली नाही.

"आज राहू दे खोपटातच," एवढंच म्हणून ती आत गेली.

सकाळी सात वाजता उर्मास खोपटात गेला तेव्हा लख्ख ऊन होतं. जूनमध्ये आमच्याकडे रात्र अशी होतच नाही, आकाश थोडं मळतं आणि पुन्हा धुतलं जातं. त्यामुळे भीती वाटायला काही कारण नव्हतं. त्याने स्टुलावर हात ठेवून हलवलं. स्टूल हललं नाही. त्याने दोन्ही हातांनी हलवलं. जमिनीत पाय रोवल्यासारखं घट्ट. मग त्याने वाकून पाहिलं आणि त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्याने ठोकलेल्या पांढऱ्या पाइनच्या पाचरी तिथे नव्हत्या. त्या जागी काळ्याभोर जुन्या ओकच्या पाचरी होत्या, आणि त्याही बैठकीच्या लाकडातल्या रेषांना आडव्या, म्हणजे लाकूड फाटू नये. हे उर्मासला ठाऊकच नव्हतं. त्याच्या चारही पाचरी एका बाजूला, नीट ओळीने मांडून ठेवल्या होत्या, मास्तर चुकलेली गणितं परत देतात तशा.

खोपटात एल्मारच्या पाइप-तंबाखूचा वास होता. उर्मासने जन्मात पाइप ओढलेला नाही.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याला भीती वाटली, आणि लगेच पाठोपाठ भयंकर राग आला. मेल्यावरसुद्धा? अकरा वर्षांनी माणूस घरी येतो, आणि पहिलं काम काय, तर जावयाच्या पाचरी उपटतो!

"माइरे! इकडे ये! बघ हे!"

माइरेने पाहिलं. पाचरींवरून अंगठा फिरवला. मग तिने उर्मासकडे अशा नजरेने पाहिलं की तो गोंधळला, कारण तिच्या डोळ्यांत भीती मुळीच नव्हती. तिचे ओठ हलले, जवळजवळ हसू आलं. "हं," ती म्हणाली. "छान झालंय." आणि ते स्टूल उचलून तिने स्वयंपाकघरात ओट्यापाशी नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून सकाळची कॉफी करताना ती तिसरा कप भरायची, त्यात एल्मारला लागायची तशी तीन चमचे साखर घालायची आणि स्टुलापुढे ठेवून बागेत निघून जायची. त्यावर कोणी बसायचं नाही, हे न बोलता ठरलं होतं. उर्मास उभ्यानेच जेवायचा, त्या रिकाम्या स्टुलाकडे पाठ करून. दुपारपर्यंत कप रिकामा झालेला असायचा. उर्मासला वाटायचं माइरे ओतून टाकते. तसं वाटून घेणं बरं होतं.

त्याने शेवटी लाइनेमावशींना सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरेना.

"अरे देवा," मावशी म्हणाल्या, आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातच मटकन बसल्या. "घरी आणलास त्याला? असं करतात होय? आणि चिडलाय का तो?"

"चिडलेला नाही. सुधारणा करतोय."

"मग तर जाणारच नाही. तुझ्या हाताखाली सुधारायला काय कमी आहे! हे बघ, तेवीस तारखेच्या रात्री यानिपाएवच्या सणाची शेकोटी पेटायच्या आत त्याला नवं झाड दाखव. नवा क्रूस कोर. शेकोटीनंतर राहिला म्हणजे कायमचा राहिला. आणि त्या स्टुलाचं सरकारदरबारी बघ हो. क्रूसाची झाडं हल्ली नोंदलेली असतात. उगाच दंड बिंड नको."

उर्मास नियमाने चालणारा माणूस, चाळीस वर्षं कचेरीत काढलेला. तो दुसऱ्याच दिवशी बसने तालुक्याला गेला. तिथल्या कचेरीत पिरेत नावाची एक तरुण बाई होती, फार अदबशीर. तिने संगणकात झाड शोधलं आणि तिला ते सापडलंही.

"क्रमांक चारशे बारा. सध्याची स्थिती? उभं, आडवं, की कुजलेलं?"

"स्टूल," उर्मास म्हणाला.

"माफ करा?"

"झाडाचं स्टूल झालंय. मी केलं. बारस्टूल."

पिरेतने पडद्याकडे पाहिलं. तिथे तीनच पर्याय होते. तिने बराच विचार करून 'आडवं' निवडलं. "ते सध्या कुठे आहे? रस्त्याच्या कडेला, शेतात, की जंगलात?"

"स्वयंपाकघरात. ओट्यापाशी."

"मग मला येऊन बघावं लागेल," ती गंभीरपणे म्हणाली. "तोवर त्यावर बसू नका."

"बसायला ते मोकळं कुठे आहे," उर्मासच्या तोंडून निघून गेलं. तिने तेही लिहून घेतलं असावं, कारण ती बराच वेळ टाइप करत होती.

तो परत आला तेव्हा लाइनेमावशी कुंपणाला धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"माइरेला नको सांगूस," त्या कुजबुजल्या. "ती दुकानात गेली होती. भर बारा वाजता तुमच्या खोपटात ठोकाठोक चालली होती. मी म्हटलं उर्मास परत आला वाटतं. खिडकीतून पाठ दिसत होती, तपकिरी जाकीट घातलेली. मी हाक मारणार होते. पण मग बघितलं की प्रत्येक घाव नेमका बसतोय. तेव्हा कळलं की तू नाहीस."

अपमान आणि भीती एकदम गिळायला फार मोठा घसा लागतो. उर्मास खोपटात गेला. आदल्या दिवशी त्याने दुसऱ्या स्टुलाचे चार पाय तासून ठेवले होते. त्यांतल्या दोघांवर जाड पेन्सिलीने दोन-दोन तिरप्या रेघा ओढलेल्या होत्या. एल्मार नापास लाकडावर अशाच रेघा ओढायचा. तिसऱ्या पायावर रंधा नुकताच फिरला होता, खाली त्याचे कागदासारखे पातळ सलग छिलके पडले होते. उर्मासच्या रंध्यातून निघायचा तो चुराच. आणि रंधा भिंतीवर होता, आखलेल्या रेघेच्या आत, तंतोतंत.

"बरं," उर्मास मोठ्याने म्हणाला. खोपटात कुणी नव्हतं आणि पाठीवर मात्र कुणाची तरी नजर होती. "बरं. दोन पाय नापास. का ते तरी सांगायचं."

कुणी सांगितलं नाही. पण त्याने नापास पाय उन्हात धरून पाहिले, पास झालेला शेजारी धरला, आणि अर्ध्या तासाने त्याच्या लक्षात आलं की रेषा पायाच्या टोकापर्यंत सरळ जात नाहीत, मध्येच बाजूला निसटतात. असा पाय वजनाने तिथेच मोडणार. चौसष्टाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा लाकूड वाचता आलं. त्याने दोन नवे पाय काढले. सकाळी त्यातल्या एकावर रेघा नव्हत्या.

पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले आणि, सांगायला विचित्र वाटतं, पण बरे गेले. संध्याकाळी उर्मास काम मांडून ठेवायचा, सकाळी निकाल बघायचा. कधी काटकोनाचा गुण्या लावून रेघ दुरुस्त केलेली असायची, कधी पटाशीला धार लावलेली असायची. भीती गेली होती असं नाही. खोपटाच्या दाराला हात लावण्याआधी तो दररोज टोपी काढायचा. पण आता ती भीती परीक्षेची होती की भुताची, हे त्याला सांगता आलं नसतं. दुसरं स्टूल उभं राहिलं, तेव्हा त्यात तीन पाचरी उर्मासच्या होत्या आणि एकच काळी.

मध्येच पिरेत येऊन गेली. तिने स्टुलाची चारही बाजूंनी लांबी-रुंदी घेतली, क्रूसाचे फोटो काढले, "कोरणाऱ्याचा हात फारसा सराईत नसावा," असं वहीत मोठ्याने बोलत लिहिलं, आणि बैठकीखाली चारशे बारा क्रमांकाची पत्र्याची चकती ठोकली. उर्मासने विचारलं, हे स्टूल परत जंगलात नेऊन ठेवलं तर? तिने जंगलखात्याला तिथूनच फोन लावला. जंगलात फर्निचर टाकणं हा गुन्हा होता. आणि वारसा म्हणून नोंदलेलं झाड परवानगीशिवाय जागेवरून हलवणं हाही गुन्हाच होता.

"म्हणजे यांनी इथेच राहायचं?"

"यांनी म्हणजे?" पिरेतने विचारलं. मग तिची नजर ओट्यावरच्या तिसऱ्या कपाकडे गेली. त्यातून वाफ येत होती आणि तिच्या डोळ्यांदेखत कप अर्धा होता की भरलेला, याबद्दल तिला खात्री वाटेना. ती जरा घाईनेच निघाली. पावती मागून टपालाने पाठवते म्हणाली.

तिसरं स्टूल उर्मासने कुणालाही न सांगता, सावकाश केलं. लाकूड वाचून निवडलं, पाय तासले, भोकं पाडली, रेषांना आडव्या पाचरी ठोकल्या. जूनच्या एकवीस तारखेला संध्याकाळी ते खोपटाच्या मधोमध ठेवलं, दार लावलं, आणि आत येऊन म्हणाला, "झालं."

सकाळी स्टूल जिथल्या तिथे होतं. पाचरी त्याच्या स्वतःच्या होत्या, चारही. पेन्सिलीची रेघ नव्हती. छिलका नव्हता. हत्यारं भिंतीवर होती. त्याने स्टूल हलवून पाहिलं, मग त्यावर बसला. ते चार पायांवर सरळ उभं होतं आणि कुणीही त्याला हात लावला नव्हता. उर्मास तिथे बराच वेळ बसून राहिला. तेवीस वर्षांत हेच एक प्रशस्तिपत्र मिळालं होतं, आणि ते म्हणजे काहीच न मिळणं. त्याला रडूच आलं.

त्याच दिवशी ते तिघं वळणावर गेले, उर्मास, माइरे आणि लाइनेमावशी. उभा पाइन निवडला. मावशींनी पाव आणि व्होडका आणली होती, बरोबर सवयीने पोटॅटो सॅलडही. उर्मासने सुरी घेतली आणि क्रूस कोरला.

"इतका सरळ?" मावशी म्हणाल्या. "एल्मारला पटणार का, तुझा आहे म्हणून?"

पण त्याला पटलं असावं. घरी आल्यावर वास गेला होता. दुसऱ्या सकाळी माइरेने दोनच कप भरले, आणि दोघं दोन नव्या स्टुलांवर बसून पहिल्यांदा माणसासारखी न्याहारी करू लागली. स्टुलं अगदी भक्कम होती. उर्मासला घास गोड लागेना. खोपटात गेला तर खोपटं म्हणजे नुसतं खोपटं होतं. लाकूड, लोखंड, धूळ. पाठीवर कुणाची नजर नाही. त्याने दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने तिसरं स्टूल उचलून खोपटात नेलं, इकडेतिकडे पाहिलं, पटाशी घातली आणि आपलीच एक पाचर अर्धी उचकटली. स्टूल डुगडुगायला लागलं. ते मधोमध ठेवून तो चोरासारखा बाहेर पडला.

सकाळी पाचर घट्ट बसलेली होती.

तो धावतच स्वयंपाकघरात आला. "माइरे! आला! परत आला! मी सैल केली होती आणि त्याने..."

माइरे ओट्यापाशी उभी होती. तिने उजवा हात ॲप्रनमध्ये लपवला, पण उशीर झाला होता. तिचा अंगठा निळा-जांभळा सुजला होता.

"हा मी ठोकला," ती म्हणाली. "काल खिडकीतून तुला बघितलं मी. बघवलं नाही रे."

"तू?" उर्मासचा चेहरा उतरला. मग त्याला दुसरंच काही सुचलं. "म्हणजे आधीचं सगळंही तूच?"

"मी कुठून? मला कुठे येतं?" माइरे गोंधळून म्हणाली. "ते तर तू करत होतास."

"मी?"

"पहाटे उठून. बाबांच्या जुन्या पाचरी लावून. तंबाखूसुद्धा जाळत होतास. मला वाटलं, मी तेव्हा पोचले नाही ना, म्हणून तू माझ्यासाठी करतोयस. कॉफी पिऊन टाकत होतास. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, तरी मी म्हटलं पिऊ दे, एवढं करतोय तर." तिने सुजलेला अंगठा मुठीत धरला. "तूच होतास ना, उर्मास?"

'हो' म्हणायला फक्त तोंड उघडायचं होतं. त्या एका शब्दात तो उत्तम सुतार झाला असता आणि उत्तम नवराही, दोन्ही एकदम, आणि खरं काय ते लाइनेमावशी माइरेला कधीच सांगणार नव्हत्या. उर्मासने ओट्याची कड घट्ट धरली.

"नाही गं," तो म्हणाला. "मला एवढं चांगलं येत नाही."

माइरे हळूच खाली बसली. स्टुलावर नाही, जमिनीवर. "म्हणजे बाबा खरंच आले होते," ती म्हणाली. "अठरा दिवस घरात होते. आणि मी रोज कप ठेवून बागेत निघून जायचे. एक शब्द बोलले नाही त्यांच्याशी. मला वाटायचं, तूच आहेस." आणि अकरा वर्षं जे अडून बसलं होतं ते बाहेर आलं. लाइनेमावशी कुंपणापर्यंत धावत आल्या, इतकं मोठ्याने.

उर्मास तिच्याजवळ बसून राहिला. मग उठला. त्याने थर्मासमध्ये कॉफी भरली, तीन चमचे साखर मोजून घातली, खोपटातून तिसरं स्टूल खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "चल. वळणापर्यंतच गेलेत ते. दहा मिनिटांची वाट आहे."

"जंगलात स्टूल न्यायचं नसतं," माइरे डोळे पुसत म्हणाली.

"करू दे दंड."

नव्या क्रूसासमोर त्याने स्टूल ठेवलं. माइरे चढून बसली, थर्मास मांडीवर धरला आणि नुसती बघत राहिली, कुठून सुरू करावं ते कळेना. उर्मास रस्त्याने पुढे निघून गेला, पार स्मशानाच्या फाटकापर्यंत, आणि तिथल्या दगडावर पाठ करून बसला. ऊन चांगलं चढलं होतं. तिथून तिचे शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज येत होता. ती बोलायची, मग मध्येच बराच वेळ थांबायची, आणि मग हसायची.